पौषातला भारा

"बनक्का, हे कसलं गवात आलंय गं?"

सत्तेव्वानं काठीच्या टोकानं सांडव्याकडं दाखवलं. तिची मेंढरं पाणी प्यायला तलावाच्या उतारावर आली होती. बनुबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून नवं घोंगडं खंगाळत होती. पाण्यानं जड झालेलं घोंगडं तिनं दगडावर टाकलं, दंडानं कपाळ पुसलं आणि वळून बघितलं.

सांडव्याच्या खाली पाणी झिरपून सदा चिखल असायचा. त्या चिखलातून थोड्या काड्या सरळ वर आल्या होत्या. उसापेक्षा बारीक, पेरापेरांच्या. वाऱ्यासरशी सगळी पानं एका अंगाला झुकत होती. एका काडीला तुरा फुटू लागला होता, अजून जांभळट आणि मिटलेला.

बनुबाई चिखल तुडवत तिथंवर गेली. काडीला तिनं हात लावला नाही. नुसती जवळ जाऊन उभी राहिली. वारा आला तसा पानांचा आवाज झाला, कोरडा, एकमेकांवर घासल्यासारखा. लग्न होऊन ती ह्या गावात आली तेव्हापासून हा आवाज तिनं इथं कधी ऐकला नव्हता. माहेरचं कुणी न कळवता दारात येऊन उभं राहावं तसं तिला झालं. बोरू. नदीकाठचा बोरू, जतच्या माळावर.

आणि लगेच दुसरा विचार आला. आता दादा कशाला येईल?

"बोल की," सत्तेव्वा म्हणाली. "वळखीचं दिसतंय तुज्या."

"न्हाई बाई. रानगवात असंल कायतरी. मेंढरं घालू नगंस तिकडं. पान लय धारेचं हाय, जिभा कापतील."

सत्तेव्वानं मेंढरांना हाळी घातली आणि ती निघून गेली. बनुबाईनं घोंगडं पिळलं, खांद्यावर टाकलं आणि ती घरी आली. हरिबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत बसला होता.

"तळं भरलंय का?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"भरलंय की."

एवढंच ती बोलली. घोंगडं वलणीवर टाकून ती कांड्या भरायला बसली.

बनुबाईचं माहेर भिलवडीच्या अलीकडं, कृष्णेच्या काठावर. हिंगणमळी त्या गावाचं नाव. सनगराचं घर, बाप घोंगडी विणायचा. घराच्या मागचं दार उघडलं की बांध, बांधाच्या खाली नदीच्या गाळाची मळी, आणि मळीच्या कडेनं दिसेल तिथवर बोरूचं बेट. माणूस आत शिरला तर दिसायचा नाही इतकं उंच. गावाचं निम्मं काम त्या बोरूवर चालायचं. कुडाच्या भिंती त्याच्याच, वर शेणमातीचा लेप. गोठ्याचं छप्पर त्याचं, पडवळाचा मांडव त्याचा. तुरे बांधून केरसुण्या व्हायच्या. शाळेतले गुरुजी पोरांकडून टोकदार काप घेतलेले बोरू मागवायचे आणि अक्षर घोटून घ्यायचे. भाऊ नाथाजी पेरं कापून त्याचे पावे करायचा. एकही सुरात वाजायचा नाही, तरी तो करायचाच. आणि बनुबाई पोहायला शिकली ती बोरूच्या पेंढीवर. वाळलेल्या काड्यांची पेंढी पोटाखाली घ्यायची, नाथाजीनं मागून ढकलायचं, आणि मधेच त्यानं हात काढून घेतलेला तिला कळायचंही नाही.

घरात मात्र बोरूचा खरा मान मागाला होता. घोंगडं विणताना आडवा धागा धोट्यातून फेकतात. तो धागा ज्या नळीवर गुंडाळलेला असतो ती कांडी बोरूच्या पेराची करायची. बोरू आतून पोकळ, वजनाला हलका, आणि अंगाला किंचित खरखरीत. म्हणून लोकर त्याच्यावर घट्ट बसते, घसरत नाही.

बनुबाईला दिलं ते जतच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या बिरुळवाडीत. तिथंही सनगराचंच घर, मागही तसाच. पण नदी नव्हती. पहिल्या उन्हाळ्यात टँकर आला आणि सासूनं तिच्या हातात दोन घागरी दिल्या. रांगेत पुढच्या बाईच्या पाठीकडं बघत ती उभी राहिली. शेजारच्या बायका कानडीत काहीतरी बोलून हसल्या. त्या आपल्यालाच हसतात असं तिला वाटलं. त्या रात्री ती नवऱ्याला म्हणाली, "आमच्याकडं पानी मागच्या दारात हाय." हरिबा म्हणाला, "आता तुजं दार हे हाय." रागानं बोलला नव्हता. खरं तेच बोलला होता.

त्याच वर्षी पौषात नाथाजी आला. एसटीतून उतरला तेव्हा खांद्यावर बोरूचा भारा होता. माणसाच्या उंचीएवढ्या काड्या, दोन जागी काथ्यानं आवळलेल्या. कंडक्टरशी त्याची भारी हुज्जत झाली होती.

"दाजींच्या मागाला बोरू मिळत न्हाई म्हनली व्हतीस न्हवं हिकडं," तो म्हणाला. "म्हनून आलो."

तेव्हापासून तो दर पौषात येत राहिला. पौषात लग्नकार्य नसतं, कुणाचं बोलावणं नसतं, आणि तोवर बोरू पिकून कडक झालेला असतो. कांड्यांना लागायचा तो ओंजळभर. पण नाथाजी आणायचा तो भाराच. उरलेल्या काड्यांनी मागाच्या खोलीचा कूड दुरुस्त व्हायचा, दोडक्याला मांडव व्हायचा. भाऱ्याबरोबर पिशवीत नदीकाठची वांगी असायची. दोन दिवस राहायचा. हरिबाशी पावसावर, लोकरीच्या भावावर बोलायचा. बहिणीशी फार बोलत नसे. ती भाकरी थापायला बसली की तो चुलीजवळ पाट घेऊन बसायचा आणि चाकूनं बोरूची पेरं कापत राहायचा. कडा दगडावर घासून गुळगुळीत करायचा, म्हणजे लोकर अडकू नये. मधेच म्हणायचा, "वरच्या आळीतली शेवंता गेली," किंवा "औंदा पानी बांधाला लागलं व्हतं." बनुबाई म्हणायची, "व्हय?" एवढ्यात तिचं वर्ष भरून निघायचं.

माहेरी ती फारशी गेली नाही. आई गेली तेव्हा, बाप गेला तेव्हा, मग वहिनी गेली तेव्हा. बोलावल्याशिवाय जायचं नाही असं तिच्या मनानं घेतलं होतं, आणि बोलावणारी माणसं एकेक करून संपली. नाथाजी पाणीसंस्थेत पाटकरी होता. पाळीनं शेताशेताला पाणी सोडायचं, मोटारी बंद-चालू करायच्या. बोलावणं-बिलावणं त्याच्या स्वभावात नव्हतं. भारा घेऊन यायचं तेवढं त्याला जमत होतं. मोबाईल आले तेव्हा तिला वाटलं होतं, आता रोज बोलणं होईल. पण फोनवर दोघांनाही काही सुचायचं नाही.

"जेवलास का दादा?"

"जेवलो की."

"पाऊस?"

"हाय बारीक."

मग नाथाजीचा मुलगा वीरधवल फोन घेऊन म्हणायचा, "आत्या, ठेवू का?"

म्हैसाळला उपसलेलं कृष्णेचं पाणी कालव्यानं तालुक्यात येऊ लागलं आणि बिरुळवाडीचा कोरडा तलाव पहिल्यांदा भरला तेव्हा गावानं नारळ फोडला होता. बनुबाई त्या दिवशी एकटीच पलीकडच्या अंगाला जाऊन पाण्यात पाय सोडून बसली होती. कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, पण तिच्या मनात होतं की हे आपल्या दारावरून आलेलं पाणी आहे. त्याच पाण्यानं आता बोरू आणला होता, आणि तो तिला लपवावा लागत होता.

हरिबाचे गुडघे गेले होते. माग सोडून तो कुठं जात नव्हता, त्यामुळं त्याला कळायची भीती नव्हती. गावात दुसरा माग उरला नव्हता, आणि माग नसलेल्या माणसाला बोरूचं काय. त्या पौषात नाथाजी आला तेव्हा सकाळी चहा पिऊन म्हणाला, "तुमचं तळं भरलंय म्हनत्यात. बघून येऊ का जरा?"

"कशाला? पानी काय बघितलं न्हाईस का कवा?" बनुबाई म्हणाली. "बस हितं. मला पाजणीला मानूस लागतंय."

चिंचोक्याची खळ ताण्याला लावायचं ते काम ती एरवी एकटीच करायची. नाथाजी मुकाट्यानं बसला आणि दुपारभर कुंचा फिरवत राहिला.

पुढच्या वर्षभरात बोरूनं सांडव्याची सगळी कड धरली. बनुबाई धुणं घेऊन गेली की आधी तिकडं बघायची. उंची वाढत होती. दिवाळीनंतर तुरे फुटले, चंदेरी झाले. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की ते नदीकाठच्यासारखेच दिसायचे, आणि त्यांच्यासमोर उभं राहून तिला बरंही वाटायचं, आपण काहीतरी चोरून खातोय असंही वाटायचं.

पौष लागला. नाथाजी आला. ह्या वेळी भारा लहान होता, आणि तो उतरवताना त्याला दम लागला. जेवायला बसताना त्यानं पाय लांब सोडला. गुडघ्याखाली मोठं खरचटलेलं होतं, खपली धरलेली.

"काय झालं रं दादा?"

"काय न्हाई. घसरलो."

हरिबानं विचारल्यावर मग त्यानं सांगितलं. मळीचा बोरू गेला. महापुरानंतर काठ जेसीबीनं सारखा केला, दगड लावले. जिथं दगड नाहीत तिथं लोकांनी ऊस पार पाण्याला नेऊन भिडवला. आता बोरू राहिलाय तो नदीतल्या पल्याडच्या बेटाला.

"मासंवाल्याच्या नावंतनं गेलो. त्यो मला सोडून जाळं लावाय गेला. मी आपला कमरंएवढ्या पान्यात उभा राहून कापतोय. म्होरं काठावर एक लाकडाचा ओंडका पडला व्हता. कापता कापता बघतोय तर ओंडका न्हाई."

"म्हंजी?" बनुबाईनं भाकरी तव्यावर तशीच ठेवली.

"मगर. सरपटून पान्यात उतरली की. मी भारा उचलला आन् पळालो, तवा दगडावर आपटलो." तो थोडासा हसला. "तिनं काय केलं न्हाई बिचारीनं. ती तिच्या जाग्यावर व्हती. आपुनच तिच्या जाग्यात गेलो."

हरिबा काळजीत पडला. "पाव्हणं, पुढच्या साली नगा आनू. जतला प्लास्टिकच्या नळ्या मिळत्यात. त्यावर भागवू."

"प्लास्टिकवर लोकर बसती का, दाजी?"

"तशी न्हाई बसत. घसरती. पर..."

"मग?" नाथाजी म्हणाला आणि भाकरी मोडून खाऊ लागला. त्याच्या दृष्टीनं बोलणं संपलं होतं. पुढच्या वर्षीही तो बेटावर जाणार होता.

बनुबाईनं करपलेली भाकरी उलटली. सांडव्याला लागलेला तो बोरू तिच्या डोळ्यांसमोर होता, निवांत, गुडघाभर चिखलात, आणि तिथं बगळ्याशिवाय कुणी नव्हतं.

सकाळी तिनं चहाची कपबशी त्याच्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "दादा, तळ्यावर येतोस का?"

दोघं चालत गेली. थंडी होती. नाथाजीनं डोक्याला मफलर गुंडाळला होता. बांधावर चढल्यावर तिनं हात करून दाखवलं नाही. नाथाजीचं त्याचं त्यालाच दिसलं. तो थांबला. मग सावकाश खाली उतरला, एक काडी वाकवून मोडली, पेरावर नख दाबून बघितलं आणि सवयीनं नळी तोंडाला लावून फुंकली.

"चांगला हाय," तो म्हणाला. "आपल्यापरास जाड हाय पेर. कवापास्नं हाय ह्यो?"

"मागल्या सालापास्नं."

"दाजींस्नी ठावं न्हाई?"

"न्हाई."

नाथाजीनं तिच्याकडं बघितलं. ती काहीतरी विचारलं जाईल म्हणून वाट बघत होती. पण तो पुन्हा बोरूकडं वळला, आणखी दोन-तीन काड्या मोडून त्यानं काखेत धरल्या.

"बरं झालं," तो म्हणाला. "माजी खेप वाचली."

दुपारच्या गाडीनं तो गेला. जाताना नेहमीसारखंच "येतो" म्हणाला. गाडी वळणाआड गेली तरी बनुबाई थांब्यावर उभी होती. माजी खेप वाचली. म्हणजे त्याला ती खेप वाटत होती. एवढी वर्षं. तिनं स्वतःला समजावलं की म्हातारा झालाय, दमतोय, त्याचं बरोबर आहे. समजूत पटली नाही.

पुढच्या पौषात तो आला नाही.

बनुबाईनं बोरू स्वतः कापला. हरिबा म्हणाला, "चांगलं केलंस गं, दारातच मिळालं." तिनं पेरं कापली, कडा घासल्या. भावासारख्या गुळगुळीत झाल्या नाहीत. महिनाभर ती दुपारची गाडी यायच्या वेळेला काहीतरी काम काढून थांब्याकडं जायची, कधी दुकानात मीठ आणायला, कधी सत्तेव्वाकडं लोकर बघायला. गाडी यायची, माणसं उतरायची, धूळ खाली बसायची. एकदा तिनं फोन लावला. वीरधवल म्हणाला, "आबा बरं हायत आत्या. जेवत्यात, टीव्ही बघत्यात. देऊ का?"

"नगं, असू दे. जेवत असतील."

संक्रांत गेली, माघही सरत आला. एके दिवशी हरिबानं मागावरून उतरवलेलं घोंगडं तिच्यापुढं टाकलं. काळंभोर, कडेला पांढरी रेघ. चांगल्या लोकरीचं होतं. गिऱ्हाइकासाठी असेल असं तिला वाटलं होतं.

"हे पाव्हण्यास्नी नेऊन दे," तो म्हणाला.

"कुनी बोलावलंय मला?"

"कोन बोलावनार हाय आता? बोलावणारी माणसं राहिली का? घोंगडं द्यायला आले म्हन." तो गुडघा धरून सावकाश खाली बसला. "मी चार दिस करून खाईन. सत्तेव्वा हाय शेजारी."

ती निघाली. जतहून सांगली, सांगलीहून भिलवडीची गाडी. पुढं वडापच्या रिक्षानं गावात. जुनं घर महापुरात बसलं होतं. वीरधवलनं गावठाणाच्या वरच्या अंगाला, पाण्यापासून लांब सिमेंटचं घर बांधलं होतं. ती विचारत विचारत पोहोचली. दारात वीरधवलची बायको प्रियदर्शनी धान्य निवडत होती. ती लगबगीनं उठली, हातातली पिशवी घेतली, पाया पडली.

"आत्या, कळवायचं न्हाई का? हे स्टँडवर आले असते की. आबा, बघा कोण आलंय."

नाथाजी आत प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. समोर टीव्हीवर कुठलीशी मालिका चालली होती. त्याचे केस पार पांढरे झाले होते आणि दाढी वाढली होती. बहिणीला बघून तो खुर्चीचे हात धरून उठला.

"बने? काय झालं? दाजी बरं हायत न्हवं?"

"बरं हायत. समदं बरं हाय. घोंगडं द्यायला आले."

"असं व्हय." त्यानं घोंगडं हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला. "बोरूच्या कांडीचं हाय. वळखतंय."

चहा झाला. प्रियदर्शनी म्हणाली, पडा जरा. बनुबाईला पडायचं नव्हतं.

"नदीवर जाऊया का रं दादा?"

ती दोघं उन्हं कलल्यावर निघाली. नदी आता घरापासून लांब पडली होती. दोन ठिकाणी नाथाजी टेकायला थांबला. जुन्या घराच्या जागी पांढऱ्या मातीचा ढीग आणि त्यावर एरंड उगवले होते. मागचं दार कुठं होतं ते बनुबाईला लगेच सांगता येईना. बांधाच्या खाली मळी नव्हतीच. उसाचं रान आणि त्याच्या पुढं दगडांची उतरंड. ती चप्पल काढून दगडांवरून खाली गेली आणि पाण्यात पाय सोडून बसली. पाणी थंड होतं. मधोमध जलपर्णीचे हिरवे पुंजके सावकाश खाली चालले होते. एवढी वर्षं तिनं मनात जी नदी धरून ठेवली होती ती हिच्यापेक्षा रुंद होती.

नाथाजी तिच्या शेजारी येऊन बसला.

"हेच पानी तुज्याकडं जातंय," तो म्हणाला. "हितनं सांगली, मग म्हैसाळ. तिथनं मोटरी वर चढवत्यात. एका टप्प्यावरनं दुसऱ्या टप्प्यावर. मग कालव्यानं."

"किती दिस लागत असतील?"

"कुनास ठावं. पर जातंय."

दोघं खाली जाणाऱ्या पुंजक्यांकडं बघत बसली. बऱ्याच वेळानं बनुबाई म्हणाली, "पौषात वाट बघितली मी."

नाथाजीनं मान हलवली. त्यानं पायापाशी पडलेला एक खडा उचलला आणि हातात फिरवत राहिला.

"निघालो व्हतो की," तो म्हणाला. "धोतर नेसलो, टोपी घातली. वांगी काढून ठिवली व्हती. वीरधवल म्हनला, आबा, कुठं निघालाय? म्हनलं, बनीकडं. तर म्हनला, कशाला? बोरू तर तिकडंच उगवलाय म्हनून तुमीच सांगितलंय. मग आता काय काम हाय? डॉक्टरनं परवास नगं म्हनलंय. वाईट न्हाई बोलला त्यो. काळजीनंच बोलला." खडा त्यानं पाण्यात टाकला. "मला काय सांगावं ते कळंना. काय काम हाय? काम तर काय नव्हतं. मग टोपी काढली आन् खुर्चीत बसलो."

बनुबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही.

"तू म्हनलास, खेप वाचली," ती शेवटी म्हणाली.

"मग काय म्हनू? तू दाखवायला नेलंस. मला वाटलं, नगं म्हनतीया आता."

"येडा हायस तू," बनुबाई म्हणाली. "मी वरीसभर लपवून ठिवला त्यो बोरू. तुला तळ्यावर जाऊ दिलं न्हाई त्या साली. पाजणीला बसवलं."

नाथाजीनं तिच्याकडं बघितलं. ते सगळं आठवून घ्यायला त्याला थोडा वेळ लागला.

"मग दाखवलास कशापायी?"

"मगर हाय म्हनलास न्हवं."

तो पुन्हा नदीकडं वळला. मग त्यानं हात पुढं केला आणि लहानपणी करायचा तसा बहिणीच्या डोक्यावर आडवा ठेवला, क्षणभरच. पलीकडं बेटावर बगळे उतरत होते. ऊन गेलं तशी हवा गार झाली आणि दोघं उठली. चढावर बनुबाईनं त्याचा दंड धरला. त्यानं धरू दिला.

रात्री वीरधवल कारखान्यावरून आला. आत्याला बघून त्याला बरं वाटलं. हातपाय धुऊन तो जेवायला बसला. शेजारी नाथाजी, समोर बनुबाई. प्रियदर्शनीनं भरल्या वांग्याची भाजी आणि भाकरी केली होती.

"आत्या, आता आलीस तर चार दिस राहा," वीरधवल म्हणाला. "मी सुट्टीच्या दिवशी सोडतो गाडीनं."

"न्हाई रं बाळा. यांचं गुडघं दुखत्यात. सकाळी जाते."

"बरं, मग स्टँडवर सोडतो."

"दोघांस्नी सोड," नाथाजी म्हणाला.

वीरधवलला आधी कळलं नाही. "दोघांस्नी म्हंजी?"

"मी बी जानार हाय हिच्यासंगं."

"आबा, डॉक्टर काय म्हनले ते इसरलात का? एवढ्या लांब आता कशाला? काय काम हाय का तिकडं?"

प्रियदर्शनीचा भाकरी वाढणारा हात थांबला. बनुबाईनं मान खाली घातली. घोंगडं भिंतीकडेच्या खाटेवर घडी घालून ठेवलेलं होतं. दाजींचं काहीतरी आहे म्हणून सांगावं, माग बिघडलाय म्हणावं, असं काय काय तिच्या तोंडाशी आलं होतं.

"काम काय न्हाई," नाथाजी म्हणाला. "भैनीकडं चाललोय."

वीरधवलनं बापाकडं बघितलं, मग आत्याकडं, आणि मग ताटातली भाजी भाकरीला लावत म्हणाला, "सकाळची थंडी लय असती तिकडं. कानटोपी घ्या."

"घेतो," नाथाजी म्हणाला. त्यानं ताट जवळ ओढून घेतलं आणि कुणाकडं न बघता, सावकाश, पानातलं सगळं संपेपर्यंत तो जेवत राहिला.